घाटात गाडी चढेना: क्लच घसरतोय की चाक?

पावसाळ्यात घाट चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबावा, इंजिनाचा आवाज वाढावा आणि गाडी मात्र पुढे सरकू नये. तक्रार एकच, पण कारणं दोन. मॅन्युअल गिअरच्या गाडीत इंजिनाचा जोर रस्त्यापर्यंत पोचताना दोन ठिकाणी नुसत्या घर्षणावर अवलंबून असतो: क्लचप्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेली जड चकती) यांच्यात, आणि टायर व रस्ता यांच्यात. यातली कुठली पकड सुटली हे आधी ठरवा. नाहीतर गोटा झालेल्या टायरांपायी गिअरबॉक्स उतरवला जातो, किंवा क्लचप्लेट जळत असताना नवे टायर बसतात.

पहिला पुरावा डॅशबोर्डवरच असतो. आरपीएमचा (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा वर गेला आणि स्पीडचा काटा जागीच राहिला, तर क्लच घसरतोय. चाक घसरत असेल तर ते खरोखरच फिरत असतं, त्यामुळे गिअरबॉक्सवरून स्पीड घेणाऱ्या गाड्यांत गाडी चिखलात उभी असतानाही स्पीडचा काटा चढतो. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की इंजिनाचा जोर आवरणारी यंत्रणा) असेल तर घसरत्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा त्या वेळी लुकलुकतो. क्लच घसरताना तो लुकलुकत नाही, कारण चारही चाकं एकाच वेगाने फिरत असतात. (दिवा लुकलुकण्याऐवजी सतत पेटलेला असेल, तर यंत्रणा बंद केलेली आहे किंवा तिच्यात बिघाड आहे.) आरपीएमही वाढत नाही आणि वेगही नाही, अशी गाडी घसरतच नाहीये. तिचा एअर फिल्टर, टर्बो, इंधनपुरवठा तपासा.

दुसरा पुरावा गिअरचा, आणि तो सहसा कोणी विचारात घेत नाही. चाक घसरतं ते बहुतेक पहिल्या गिअरमध्ये, कारण तिथे इंजिनाचा जोर कित्येक पटींनी वाढून चाकाला मिळतो आणि ओला रस्ता तो पेलू शकत नाही. क्लच मात्र आधी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये घसरायला लागतो. तिथे चाकावर जोर कमी पडतो, पण गाडीचा सगळा भार क्लचला जड जातो. म्हणून सपाट, कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० किमीला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहा. आरपीएम उसळलं आणि वेग मागे राहिला, तर टायरचा संशय सोडा. उभ्या गाडीतही परीक्षा होते: समोर कोणी नको, चाकांना दगड, हँडब्रेक आणि फूटब्रेक दोन्ही लावलेले. तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडायलाच हवं. चालूच राहिलं तर क्लच गेला. हा प्रयोग एकदाच करा, तोही एक-दोन सेकंद. पुन्हा पुन्हा केल्यास उरलीसुरली प्लेटही जळेल.

सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक) गाडीत आरपीएम आधी चढणं आणि वेग मागून येणं हा तिचा स्वभावच आहे, त्यावरून निदान करू नका. एएमटीत (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्र हलवतं) मात्र नेहमीसारखाच क्लच असतो आणि तोही घसरतो.

क्लचचं ठरलं तरी लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. केबलच्या क्लचमध्ये पेडलचं फ्री प्ले, म्हणजे जोर लागण्याआधीची मोकळी हालचाल, पाहा. ते शून्य झालं असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) सतत दाबलेलं राहतं आणि चांगली प्लेटही घसरते. गाडीच्या माहितीपुस्तिकेतल्या मापानुसार ते जुळवलं की काही गाड्या तिथेच बऱ्या होतात. फरक पडला नाही तर क्लचप्लेट, प्रेशर प्लेट (क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बदला. नुसती प्लेट बदलून वाचवलेले पैसे पुढच्या मजुरीत जातात. प्लेटला तेल लागलेलं दिसलं तर क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गळतंय. ते तसंच ठेवलं तर नवी प्लेटही घसरेल. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे आहेत का ते बघून घ्या, ब्रेक क्लीनरने पुसा, आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळा. स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या ज्या खाचांवर प्लेट सरकते त्यांवर) ग्रीस अगदी पातळ थरात लावा, जास्त झालं तर ते उडून प्लेटवर जातं. एएमटीत यानंतर स्कॅनरने क्लच लर्निंग (नव्या क्लचची पकड गाडीच्या संगणकाला शिकवणं) करावं लागतं. पहिले ५०० किमी हाफ क्लचवर चढाला गाडी धरून ठेवू नका. बहुतेक प्लेटा या सवयीनेच मरतात.

टायरची तपासणी सोपी. खाचांमधल्या उंचवट्याला नक्षी टेकली म्हणजे १.६ मिमी उरली, ही कायद्याची किमान मर्यादा. पावसात ३ मिमीच्या खाली पकड बरीच घटते, म्हणून कोकणात जाणाऱ्याने तेवढ्यालाच टायर बदलावेत. नक्षी शाबूत पण रबर कडक झालेलं, असंही होतं. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे पाहा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. हवा थंड टायरमध्ये, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. फक्त दोनच नवे घेणार असाल तर ते मागे बसवा आणि मागचे पुढे आणा. मागचं टोक सुटलेली गाडी सांभाळणं जास्त अवघड.

लाल मातीच्या चढावर पुढची चाकं नुसती फिरत असतील तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, कारण प्रत्येक फेऱ्यासरशी खड्डा खोल होतो. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, नाहीतर ते इंजिनाचा जोर कापत राहील. स्टिअरिंग सरळ करा, चाकापुढचा चिखल काढून खडी किंवा काथ्याची चटई घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये अलगद निघा. मागे डिकी आणि माणसं भरलेली असतील तर चढावर पुढचं टोक आणखी हलकं होतं. माणसं उतरवा. छोटा चढ असेल आणि मागे जागा मोकळी असेल, तर गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवा. वजन खालच्या बाजूला, म्हणजे ओढणाऱ्या पुढच्या चाकांवरच येतं आणि तीच चाकं पकडतात.