तांबट की कुटुरगा?

फेब्रुवारी लागला, सकाळचा गारवा ओसरू लागला, की मुंबईच्या झाडांवरून दोन आवाज वाढत जातात. एक तांबटाचा एकसुरी 'टुक, टुक, टुक' आणि दुसरा कुटुरग्याचा घुमणारा 'कुटुर्र, कुटुर्र'. दोन्ही पक्षी हिरवे, दोघांची चोच जाड, दोघांनाही वड-पिंपळ-उंबराची फळं प्रिय. म्हणून सकाळी फिरायला येणारी मंडळी दोघांनाही सरसकट तांबट म्हणून मोकळी होतात. 2011 साली ऑनलाइन मतदानातून मुंबईचा पक्षी म्हणून निवडला गेला तो मात्र यातला धाकटा, टुकटुक करणारा.

ओळखायची सुरुवात कानांनीच करावी. तांबटाची हाक एका लयीत, मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके, आणि थांबायचं नाव नाही. भर दुपारच्या उन्हात बाकीचे पक्षी गप्प झाले तरी ती चालूच असते. गंमत म्हणजे हाक देताना त्याची चोच मिटलेली असते. गळ्याची त्वचा प्रत्येक 'टुक'ला फुगते आणि बसते, तेवढीच हालचाल. तो मान डावी-उजवीकडे फिरवतो, त्यामुळे आवाज कधी जवळून, कधी लांबून आल्यासारखा वाटतो आणि नवखा माणूस भलत्याच झाडाखाली जाऊन उभा राहतो.

कुटुरग्याचं तसं नाही. आधी घशातल्या घशात 'कुर्रर्र', मग जोरात 'कुटुर्र, कुटुर्र', आणि एकाने सुरू केलं की पलीकडच्या झाडावरून दुसरा उत्तर देतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा आरेत सकाळी हे सवाल-जवाब लांबवर ऐकू येतात. शहरातल्या जुन्या, दाट झाडांच्या बागांतही तो भेटतो, पण गजबजलेल्या रस्त्याकडेच्या झाडावर टुकटुक ऐकू आली तर तो तांबटच.

डोळ्यांना दिसला तर मग शंकाच नको. तांबट जेमतेम सतरा सेंटिमीटरचा, चिमणीहून किंचित मोठा. कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, डोळ्याच्या वर-खाली पिवळा, पाय प्रवाळी रंगाचे, पोट फिकट आणि त्यावर हिरव्या रेघा. कुटुरगा साळुंकीहून मोठा, डोकं आणि छाती तपकिरी रेघांची, डोळ्याभोवती नारिंगी-पिवळ्या उघड्या कातडीचा पट्टा आणि चोचही नारिंगी. त्याच्या अंगावर लाल रंग कुठेच नाही. एक अडचण मात्र आहे: तांबटाच्या पिल्लालाही लाल ठिपके नसतात. तेव्हा आकार बघावा.

मला या दिवसांत सगळ्यात जास्त ओढ असते ती तांबटाच्या घराची. गुलमोहर, शेवगा अशा झाडाची वाळकी फांदी हेरायची आणि तिची खालची बाजू बघायची. तिथे लिंबू जाईल एवढं गोल भोक दिसलं, खाली ताजा भुसा पडलेला असला, तर काम सुरू आहे. पक्षी फांदीला बिलगून चोच मारत राहतो, मध्येच आत शिरतो आणि तोंडभर भुसा घेऊन बाहेर झटकतो. नर-मादी दोघंही आळीपाळीने कोरतात. कुटुरगाही असंच कोरतो, फक्त भोक मोठं. भोक तयार झालं की साळुंक्या किंवा पोपट ते बळकवायला येतात, म्हणून मालक जवळच घिरट्या घालत असतो.

आपल्या सोसायटीत वाळकी फांदी 'कुरूप दिसते' म्हणून फेब्रुवारीतच तोडायची घाई होते, ती मला बघवत नाही. माणसांच्या ये-जा करायच्या वाटेवर झुकलेली नसेल तर ती मे अखेरपर्यंत राहू द्या, असा अर्ज करायला काहीच हरकत नाही. आणि घर सापडलं तर पंधरा-वीस पावलं लांब राहा. मोबाइलवर त्याची हाक वाजवू नका. दुसरा नर हद्दीत आला असं समजून तो कोरणं सोडून त्याला शोधत बसतो.