जकात मालावर, फितरा माणशी

रमजानचे शेवटचे दहा दिवस लागले की मुंब्रा-कौसा, राबोडी, भिवंडी इथल्या मशिदींबाहेर मदरशांचे सफीर, म्हणजे देणगी गोळा करणारे प्रतिनिधी, पावतीपुस्तकं घेऊन बसलेले दिसतात. पावतीवर रकाने वेगवेगळे असतात: जकात (मालमत्तेतून दर वर्षी काढायचं सक्तीचं दान), फितरा (रमजान संपताना माणशी द्यायचं दान), सदका (ऐच्छिक दान), लिल्लाह (बांधकामासारख्या कामांसाठीची देणगी). देणारा तरावीहच्या, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजच्या, घाईत असतो. तो म्हणतो, "कशातही लिहा, द्यायचं अल्लाहसाठीच आहे." त्याचा हेतू साफ आहे, पण पहिल्या दोन रकान्यांत गोंधळ झाला तर देऊनही देणं डोक्यावर राहतं. आमच्याकडे शिकलेली, नोकरी-धंद्यातली माणसंसुद्धा विचारतात, "एवढी जकात काढली, आता फितरा वेगळा कशाला?" आणि महिना जेमतेम भागवणाऱ्या घरातली बाई उलटं समजते, की फितरा दिला म्हणजे अंगठी-बांगड्यांची जकातही त्यातच आली. दोघांचाही हिशेब चुकतो.

जकात मालावर लागते, फितरा माणसावर. पुढचे सगळे फरक यातूनच निघतात.

जकात हा इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक. कुराणात नमाजच्या जोडीने तिचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. पैगंबरांच्या निधनानंतर, 632 साली, काही टोळ्या म्हणाल्या की आम्ही नमाज पढू पण जकात देणार नाही. पहिले खलिफा हजरत अबू बक्र यांनी त्यांच्याविरुद्ध सैन्य उभं केलं. इतका तिचा मान आहे. ती लागू होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, निसाब, म्हणजे किमान मालमत्ता: साडेसात तोळे सोनं (87.48 ग्रॅम) किंवा साडेबावन्न तोळे चांदी (612.36 ग्रॅम), किंवा तेवढ्या किमतीची रोकड वा विक्रीचा माल. दुसरी, त्या मालावर चांद्रवर्ष उलटलेलं असणं. मग त्यातला चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, काढायचा.

कोणत्या मालावर, हे आपल्या ठाणे जिल्ह्यातली उदाहरणं घेतली की चटकन कळतं. राहतं घर, रोजची रिक्षा, कामाची हत्यारं यांवर जकात नाही. भिवंडीच्या कारखान्यातल्या यंत्रमागांवर नाही, पण गोदामातल्या सुतावर आणि विकायला ठेवलेल्या तयार कापडावर आहे. वाशीच्या बाजारसमितीतल्या व्यापाऱ्याच्या गाळ्यावर नाही, गाळ्यात भरलेल्या मालावर आहे, आणि तोही आजच्या विक्रीच्या भावाने मोजायचा. घोडबंदर रोडला भाड्याने दिलेला फ्लॅट असेल तर फ्लॅटच्या किमतीवर जकात नाही. खर्चून उरलेल्या भाड्यावर आहे. तोच फ्लॅट भाव चढला की विकायचा, या इराद्याने घेतला असेल तर तो विक्रीचा माल झाला, आणि त्याच्या बाजारभावावर दर वर्षी जकात आली. ठाणे-नवी मुंबईत बचत घरांत गुंतवणाऱ्या कुटुंबांच्या नजरेतून नेमकी हीच बाब सुटते, आणि ही रक्कम लहान नसते.

आणखी एक चूक चांगले चांगले व्यापारी करतात. जकातीचा हिशेब 31 मार्चच्या ताळेबंदावरून करतात. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं, इंग्रजी वर्षापेक्षा जवळपास अकरा दिवसांनी कमी. तेहेतीस वर्षं मार्चच्या मार्चला जकात काढली तर एका अख्ख्या वर्षाची जकात बुडते. म्हणून आपण निसाबाचे मालक ज्या चांद्र तारखेला झालो ती तारीख धरावी, नाहीतर एक तारीख कायमची ठरवावी. ती रमजानमध्येच असली पाहिजे असं नाही. रमजानमध्ये पुण्य वाढतं म्हणून लोक तेव्हा देतात, ते चांगलंच आहे. पण ज्याची तारीख सफर महिन्यात येते त्याने रमजानपर्यंत टाळत बसू नये. त्याला हवं तर तो आधीच्या रमजानमध्ये आगाऊ देऊ शकतो.

आता दागिन्यांचं बघू. इथे मुंब्रा-कौशातली गोष्ट जरा वेगळी आहे, कारण एकाच इमारतीत दोन मजहबांचे, म्हणजे धर्मशास्त्राच्या दोन परंपरांचे, लोक राहतात: शाफई आणि हनफी. कौसा हे मूळचं कोकणी मुसलमानांचं गाव, आणि कोकणी मुसलमान शाफई. 1992-93च्या दंगलींनंतर मुंबईतून मोठ्या संख्येने कुटुंबं इथे आली; त्यांतली उत्तर भारतातून आलेली बहुतेक हनफी. आता दोन शेजारणी घ्या, दोघींकडे वापरातले दहा-दहा तोळे. हनफी शेजारणीला जकात आहे: दहा तोळ्यांची पाव तोळा, म्हणजे सुमारे 2.9 ग्रॅम सोन्याची किंमत, दर वर्षी. शाफई मजहबात बाईच्या रीतसर वापराच्या दागिन्यांवर जकात नाही; मात्र तिने बिस्किटं, नाणी करून ठेवली असतील तर आहे. दोघी आपापल्या इमामांच्या मताप्रमाणे बरोबर आहेत. एकीने दुसरीला "तू जकात चुकवतेस" म्हणू नये, आणि सोयीपुरता मजहब बदलून दागिने वाचवूही नयेत. दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते.

फितऱ्याला यातलं फारसं काही लागत नाही. वर्ष उलटण्याची अट नाही, टक्केवारी नाही. घरात किती डोकी आहेत तेवढंच मोजायचं. तान्हं बाळ, रोजे न झेपणारी आजी, कोणीच सुटत नाही. रोजा ठेवला की नाही याच्याशीही त्याचा संबंध नाही. कुटुंबप्रमुख स्वतःचा आणि लहान मुलांचा देतो. शाफई मजहबात बायकोचाही नवऱ्यावरच आहे. हनफींमध्ये तो मुळात तिचा तिच्यावर, पण नवरा देतो अशीच रीत पडली आहे. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, याचा हेतू दुहेरी सांगितलाय: रोजादाराच्या हातून झालेल्या वायफळ बोलण्याची आणि उणिवांची शुद्धी, आणि गरिबाच्या पोटाला अन्न.

कोणावर लागतो, यात दोन मजहबांचा फरक मोठा आहे. हनफी म्हणतात, ईदच्या दिवशी गरजा भागून निसाबाइतकं ज्याच्याकडे उरतं त्याच्यावर. शाफई म्हणतात, ईदचा दिवस आणि रात्र घरच्यांना पुरून ज्याच्याकडे काही शिल्लक आहे त्या प्रत्येकावर. म्हणजे रेती बंदरवर मजुरी करणारा कोकणी माणूस फितरा घेईलही आणि देईलही. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. वर्षातून एकदा गरिबाचाही हात देणारा होतो.

माप पैगंबरांच्या काळचं, साअ. खजूर किंवा जव असेल तर माणशी एक साअ. हनफी मजहबात गहू दिला तर अर्धा साअ, आजच्या वजनात साधारण पावणेदोन ते दोन किलो, आणि त्याची किंमत रोख दिली तरी चालते. मशिदींतून जाहीर होणारा रुपयांचा आकडा बहुधा याच गव्हाच्या भावाचा. शाफई मजहबात त्या भागातलं मुख्य धान्यच द्यायचं, पूर्ण एक साअ. आम्हा कोकण्यांचं मुख्य धान्य तांदूळ, म्हणून माणशी सुमारे अडीच किलो तांदूळ. पैसे देण्याऐवजी जमातीकडे रक्कम सोपवून त्यांच्याकरवी तांदूळ वाटला तर अट पाळली जाते. तांदूळ मात्र घरात शिजतो तसलाच असावा. स्वतः बासमती खाऊन वाटायला कणी काढणं बरं नव्हे. तेच हनफी भावांना सांगावंसं वाटतं: जाहीर झालेला आकडा ही खालची मर्यादा आहे. ज्याच्या इफ्तारीला महागडा अजवा खजूर असतो त्याने गव्हाऐवजी खजुराच्या किंवा मनुकांच्या भावाने फितरा काढावा. मजहब त्याला तशी वाट देतो, आणि रक्कम कितीतरी पट होते.

वेळेचं बंधन फितऱ्याला कडक आहे: ईदच्या नमाजआधी. नंतर दिलेला साध्या सदक्यासारखा होतो, असं हदीसमध्ये आहे. तरी देणं माफ होत नाही, उशिराने का होईना द्यावंच लागतं. तो लागू कधी होतो यातही फरक आहे. शाफईंकडे रमजानच्या शेवटच्या दिवसाचा सूर्य मावळताना, हनफींकडे ईदची पहाट फुटताना. समजा, चांदरातीला मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर, कळव्याच्या रुग्णालयात बाळ जन्मलं. हनफी बापाने त्याचा फितरा द्यायचा, शाफई बापावर तो नाही. दोन्ही मजहबांत रमजानमध्ये आधीच देता येतो, आणि तसाच द्यावा. ईदगाहच्या वाटेवर हातात कोंबलेल्या नोटेतून त्या घरी शीरखुर्मा कधी शिजणार? तीन-चार दिवस आधी पोचला तर सामान भरता येतं, पोरांना कपडे घेता येतात.

घेणारे कोण? जकातीचे हक्कदार कुराणातच, सूरह तौबाच्या 60व्या आयतीत, मोजून दिलेत. त्यांत गरीब, मोहताज, कर्जाखाली दबलेले, वाटेत अडकलेला प्रवासी असे आठ वर्ग येतात. फितराही ढोबळमानाने याच गरिबांचा. आईवडील, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं यांना जकात देता येत नाही, कारण त्यांना पोसणं हे तसंही आपलंच काम. गरजू भाऊ-बहीण, मामा, आत्या यांना देता येते, आणि नातं जपल्याचं पुण्य वर. सय्यद घराण्याला, म्हणजे पैगंबरांच्या वंशजांना, यातलं काही द्यायचं नाही. त्यांना भेट द्यावी. घरकामाच्या मावशींना पगाराच्या किंवा बोनसच्या जागी जकात देऊन चालत नाही, ती मजुरी झाली. पगार पूर्ण देऊन त्या हक्कदार असतील तर वेगळी द्यावी. देताना "ही जकात आहे" असं सांगावं लागत नाही. मनात नियत पुरेशी आहे, आणि घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

मुसलमानेतर गरजूंना जकात जात नाही, यावर बहुतेक उलेमा एकमताचे आहेत. फितरा इमाम अबू हनीफांच्या मते जातो. साधा सदका कोणालाही, कधीही.

मशिदीचं बांधकाम, पंखे, इमामांचा पगार यांत जकात आणि फितरा दोन्ही वापरता येत नाहीत, कारण हे पैसे गरिबाच्या मालकीचे व्हावे लागतात. मदरशाला दिलेली जकात गरजू विद्यार्थ्यांवरच खर्च होते. त्यासाठीच पावतीवर ते रकाने असतात, आणि बांधकामासाठी द्यायचं असेल तर लिल्लाहचा रकाना आहे. सफीरसमोर अर्धा मिनिट थांबावं, कोणत्या रकान्यात किती ते स्वतः सांगावं, आणि पावती वाचून घ्यावी.