सीताफळावरचे चिलट आणि पेशींची साफसफाई : पार्श्वभूमी

बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळे पिकून मऊ पडली की त्यांच्याभोवती तांबड्या डोळ्यांची जी बारीक चिलटे घोंगावू लागतात, त्यांच्याच कुळातल्या ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर या जातीवर गेली शंभराहून अधिक वर्षे प्रयोगशाळांतून संशोधन चालू आहे. (जालन्याच्या मोसंबी बागायतदारांना छळणारी, फळात अंडी घालणारी फळमाशी निराळी, चिलटालाही फळमाशीच म्हणत असल्याने घोळ होतो.) न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांनी १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांच्या एका नरावरून आनुवंशिकतेचे कोडे उलगडले आणि हे चिलट जनुकशास्त्राचे झाले.

पेशींच्या साफसफाईचा शोध मात्र दुसऱ्या वाटेने आला. बेल्जियमचे क्रिस्तियाँ द दूव्ह यांनी १९५५ मध्ये लायसोझोम ही पेशीतली पचनपिशवी ओळखली, आणि पेशी आपलेच झिजलेले भाग तिच्यात नेऊन पचवते या क्रियेला १९६३ मध्ये ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, असे नाव दिले. त्यामागची जनुके हाती लागायला १९९० चे दशक उजाडले. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी ती यीस्टमध्ये शोधली आणि २०१६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

यीस्टला मेंदू नाही, स्नायू नाहीत; माणसाचे आजार तर तिथेच बळावतात. ही उणीव चिलटाने भरून काढली. त्याच्या अळीत मेदपिंड नावाचा एक पांढुरका अवयव असतो आणि तो आपल्या यकृताचे व चरबीचे काम एकट्याने करतो. अळीला काही तास उपाशी ठेवून तो काढला आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की भरल्या पोटी जवळपास कोऱ्या दिसणाऱ्या पेशींत लाल ठिपक्यांची दाटी झालेली दिसते. म्हणजे साफसफाई सुरू झालेली असते. ही पद्धत २००४ च्या सुमारास रुळली.

पार्किन्सनच्या आजाराबाबतचे (कंपवाताबाबतचे) काम मला सर्वांत मोलाचे वाटते. पार्किन आणि पिंक-१ ही दोन जनुके काही कुटुंबांतल्या रुग्णांमध्ये बिघडलेली आढळली होती, पण त्यांचे आपसातले नाते ठाऊक नव्हते. २००६ मध्ये असे दिसले की दोहोंपैकी कोणतेही जनुक नसलेल्या चिलटाच्या उडण्याच्या स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, फुगून नासतात. पिंक-१ नसताना जादा पार्किन दिले तर स्नायू सावरतात, उलट केले तर नाही. पार्किन पिंक-१ च्या पुढच्या पायरीवर काम करते, हे त्यावरून ठरले. बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियावर पार्किन जनुकापासून बनलेले प्रथिन जाऊन बसते आणि त्याची रवानगी पचनाकडे होते, हे २००८ मध्ये सस्तन प्राण्यांच्या पेशींत दिसून आले. चिलटात नुकसान ठळकपणे स्नायूंत दिसते, माणसात मात्र मेंदूतल्या डोपामिन हे संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या पेशींत. ही तफावत ध्यानात ठेवूनच हे निष्कर्ष वाचावे लागतात.