इंधन असमतोल व इंधनगळती (विमान)

उडत्या विमानाच्या डाव्या आणि उजव्या पंखांतील टाक्यांत इंधनाचे वजन कमी-जास्त होणे म्हणजे इंधन असमतोल. एका इंजिनाने थोडे जास्त इंधन घेतले किंवा एखादा पंप बंद पडला तरी असे होते, आणि ते सहसा गंभीर नसते. पण इंजिनाजवळची नळी फुटून गळती लागली, तरी कॉकपिटमध्ये हीच सूचना उमटू शकते. या दोहोंतला फरक वेळेत ओळखणे हे या प्रसंगातले सर्वांत अवघड काम होय.

असमतोलावरचा नेहमीचा उपाय म्हणजे क्रॉसफीड व्हॉल्व्ह उघडून जड बाजूचे इंधन दोन्ही इंजिनांना देणे. गळती असताना हाच उपाय घातक ठरतो, कारण चांगल्या टाकीतले इंधनही फुटक्या नळीकडे जाऊ लागते. म्हणून आधी हिशेब मांडतात: उरलेले इंधन आणि इंजिनांनी जाळलेले इंधन यांची बेरीज निघतानाच्या इंधनाशी जुळली पाहिजे. बेरीज कमी भरली आणि तूट वाढत गेली, तर गळती धरूनच चालावे लागते. हा हिशेब किलोग्रॅममध्ये करतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा तेवढ्याच लिटर इंधनाचे वजन १५ अंशांच्या मानाने तीनेक टक्क्यांनी कमी भरते; इंजिनाला मिळणारी ऊर्जा मात्र वजनावर ठरते.

२४ ऑगस्ट २००१ रोजी टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ए३३० विमानात नेमका हा घोळ झाला. उजव्या इंजिनाची इंधननळी हायड्रॉलिक नळीशी घासून फुटली होती. असमतोलाची सूचना आल्यावर वैमानिकांनी लेखी तपासयादी न उघडता स्मरणावर विसंबून क्रॉसफीड उघडले. अटलांटिकवर आधी उजवे आणि मग डावे इंजिन विझले. पुढे सुमारे १९ मिनिटे विमान तरंगत नेऊन त्यांनी ते अझोर्स बेटांवरील लाजेस येथे उतरवले. सर्व ३०६ जण वाचले. त्यांचे तरंगणे जगभर गाजले, पण वैमानिकांनी शिकायचा भाग त्याआधीच्या तासाभराचा आहे.

असा प्रसंग विदर्भावर आला तर? दोन्ही इंजिने बंद पडल्यास जेट विमान ३५,००० फुटांवरून, वारा अनुकूल-प्रतिकूल नसताना, साधारण १५० ते १८० किलोमीटर तरंगू शकते. यवतमाळच्या आकाशातून नागपूर या पल्ल्यात येते. बुलढाण्यावरून येत नाही, तिथून छत्रपती संभाजीनगर जवळ. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याची धावपट्टी सुमारे १,८५० मीटर, तर नागपूरची ३,२०० मीटर. गळतीचा नुसता संशय आला, इंजिने चालू असली, तरी वैमानिक लांब धावपट्टीकडे वळतात ते यासाठीच.

एक वैमानिक विमान उडवतो, दुसरा तपासयादी मोठ्याने वाचतो आणि नियंत्रकाला ‘पॅन पॅन’ (तातडीची सूचना) किंवा ‘मेडे’ (गंभीर संकटाची हाक) कळवतो. उतरताना राखीव इंधनही पुरेसे उरणार नाही असे दिसले, तर ‘मेडे फ्युएल’ असे जाहीर करतात. केबिन क्रूमधील कोणी खिडकीतून पंखामागे फवारा दिसतो का ते पाहते. गळती इंजिनाकडची ठरली तर ते इंजिन बंद करून उरलेल्या इंजिनावर उतरतात. गळते इंधन तापलेल्या ब्रेकवर पडून पेटू शकते, त्यामुळे अग्निशमन दल धावपट्टीलगत आधीच उभे असते.

शेतात काम करणाऱ्यांना वरच्या विमानामागे दिसणारी पांढरी रेघ ही गळती नव्हे. ती इंजिनातून निघालेल्या वाफेचे गोठलेले बर्फकण असते.

गोंदियाजवळ बिरसी येथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. लहान प्रशिक्षण विमानांत टाकी बहुधा हातानेच बदलावी लागते, त्यामुळे उड्डाणभर दोन्ही काट्यांकडे लक्ष ठेवून इंधन कागदावर मांडायची सवय तिथूनच लागते.