बीसीबीए फिल्डवर्क : 2000 तास भरले म्हणजे झालं असं नाही (आमच्या ट्रेनींसाठी माहितीपत्रक)

बीसीबीए (बोर्ड सर्टिफाइड बिहेविअर अ‍ॅनालिस्ट, म्हणजे वागणुकीवरची थेरपी आखणारे तज्ज्ञ) व्हायला सुपरव्हायझरच्या देखरेखीखाली ठरावीक तास प्रत्यक्ष काम करावं लागतं, तेच फिल्डवर्क. न्यू जर्सीतल्या आमच्या ट्रेनींचा सारखा एकच मेसेज येतो, "मॅडम माझे एवढे तास झाले, आता किती राहिले?" आणि लॉग उघडून बघितला की बऱ्याचदा निम्मे तास धरताच येत नाहीत, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून देतेय.

2000 तासांचं, किंवा कॉन्सन्ट्रेटेड (कमी तास, पण जास्त सुपरव्हिजन) घेतलं तर 1500 चं, तुम्हाला माहितीच आहे. घोळ होतो 60 टक्क्यांत. एकूण तासांतले कमीत कमी 60 टक्के अनरिस्ट्रिक्टेड (थेट थेरपी सोडून बाकीचं काम, खाली सांगते) लागतात, म्हणजे 2000 मधले 1200. मुलाबरोबर बसून जी थेरपी देता, ती रिस्ट्रिक्टेड, आणि तिचे जास्तीत जास्त 800 तास धरले जातात. आता तुम्ही क्लिनिकमध्ये आरबीटी (रजिस्टर्ड बिहेविअर टेक्निशियन, मुलांना थेट थेरपी देणारे) म्हणून महिन्याला 100 तास सेशन घेता, सगळे लॉगमध्ये टाकता, तर आठ महिन्यांत 800 भरले, त्यानंतर सेशनचा पगार मिळत राहील पण फिल्डवर्कमध्ये तो एक तासही धरला जाणार नाही, आणि 1200 चा डोंगर तसाच उभा! हे कळतं तेव्हा वर्ष उलटून गेलेलं असतं.

अनरिस्ट्रिक्टेड म्हणजे असेसमेंट करणं, डेटाचे ग्राफ काढून त्यातून काय दिसतंय ते बघणं, बिहेविअर प्लॅन लिहिणं आणि बदलणं, स्टाफला आणि पालकांना शिकवणं. एडिसनकडच्या बऱ्याच घरांत आजीआजोबा असतात, मूल रडलं की आजी लगेच मोबाइल हातात देते, मग रडण्यालाच बक्षीस मिळतं. हे आजीला मराठीत, तिचा मान राखून समजावणं आणि करून दाखवणं हे खरं पेरेंट ट्रेनिंग आहे, प्लॅनमध्ये असेल तर तास नक्की धरले जातात. मराठी येणाऱ्या ट्रेनीची इथे फार गरज आहे, हे मी मनापासून सांगते. गाडी चालवायचा वेळ आणि बिलिंगचे कागद मात्र धरत नाहीत.

क्लिनिक असं काम देत नसेल तर आधी आम्हाला सांगा, आम्ही तिथल्या बीसीबीएशी बोलतो, बहुतेक ठिकाणी मार्ग निघतो.

दुसरं, लॉग दर रविवारी भरा. महिना संपल्यावर आठवून भरलेला लॉग आम्ही घेत नाही, यावरून काही जण नाराज होतात पण आमचं कारण ऐका. मंथली फॉर्मवर पुढच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत तुमची आणि सुपरव्हायझरची, दोघांच्या सह्या व्हाव्या लागतात, कागद सात वर्षं जपायचे असतात, आणि ऑडिट आलं तर तुमच्याबरोबर माझं सर्टिफिकेटही पणाला लागतं. शिवाय 2000 तासांच्या फिल्डवर्कमध्ये महिन्याच्या तासांच्या 5 टक्के सुपरव्हिजन हवं, 100 तास लिहिले आणि आपली भेट चारच तास झाली तर 80 च धरले जातात, हे वेळेत कळलं तर महिना संपायच्या आत अजून एक तास बसता येतं. नंतर काहीच करता येत नाही.

फीबद्दल पण विचारतात. निम्म्यापर्यंत सुपरव्हिजन ग्रुपमध्ये चालतं, ते स्वस्त पडतं. नियमाप्रमाणे ग्रुपमध्ये दहा जण चालतात, आम्ही चारच ठेवतो, कारण दहा जणांत प्रत्येकाचा ग्राफ नीट बघणं होत नाही. क्लायंटबरोबरचं तुमचं काम बघणं दर महिन्याला होतंच, पालकांची संमती असेल तर व्हिडिओवरही.

पुण्यामुंबईहून फोन करणाऱ्यांना एवढंच, 1 जानेवारी 2023 पासून बीएसीबी (बीसीबीएचं सर्टिफिकेट देणारं अमेरिकेतलं बोर्ड) भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेत नाही, त्यामुळे बीसीबीएच्या तासांसाठी तुमच्याकडून फी घेणं आम्हाला पटत नाही.

काँट्रॅक्टवर सही व्हायच्या आधीचे तास धरता येत नाहीत, तेव्हा नोकरी लागली की लगेच फोन करा. पहिला अर्धा तास फ्री आहे, आधी दुसरीकडे तास केले असतील तर तो लॉग आणि क्लिनिकचं आठवड्याचं शेड्यूल जवळ ठेवा, अनरिस्ट्रिक्टेड तास कुठून काढायचे ते त्याच कॉलवर ठरवू.