मॉडेल रॉकेट : जुळणी आणि उड्डाण

कागद, बाल्सा लाकूड आणि प्लास्टिक अशा हलक्या साहित्याचे, कारखान्यात तयार झालेल्या छोट्या मोटरवर (म्हणजे दारू भरलेल्या नळकांडीवर) उडणारे आणि पॅराशूटच्या किंवा लांब फितीच्या आधाराने धडपणे खाली येऊन पुन्हा उडवता येणारे रॉकेट म्हणजे मॉडेल रॉकेट. नवशिक्यांच्या किटमध्ये पुठ्ठ्याची नळी, टोकाचा शंकू, फिन (म्हणजे मागच्या बाजूचे पातळ पंख), मोटर बसवायची आतली नळी, लवचीक दोरी आणि पॅराशूट एवढेच भाग असतात. मोटर सहसा वेगळी घ्यावी लागते. स्फोटक दारू हाताळण्याचे काम कारखान्याकडे आणि रॉकेट सरळ उडवून सुखरूप उतरवण्याचे काम बांधणाऱ्याकडे, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी मुलांच्या अपघातांतून आली. १९५० च्या दशकात अमेरिकेत अनेक मुले घरीच रसायने कालवून धातूच्या नळ्यांत ठासत आणि त्यात गंभीर जखमी होत. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक येथील बुटांचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांना शोभेच्या दारूकामाचा नाद होता. त्यांनी विमानांची मॉडेल करणाऱ्या आपल्या भावासाठी, रॉबर्टसाठी, १९५४ मध्ये कागदी नळीचे व मोटर बदलता येईल असे रॉकेट तयार केले. व्हाइट सँड्स येथील क्षेपणास्त्र चाचणी क्षेत्रावर काम केलेले जी. हॅरी स्टाइन यांचा घरगुती रॉकेटांच्या धोक्यांविषयीचा लेख वाचून कार्लाइल यांनी आपले नमुने त्यांच्याकडे धाडले. १९५७ मध्ये स्टाइन यांच्या पुढाकाराने नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री ही संस्था उभी राहिली. पुढे व्हर्नन एस्टीस यांनी मोटरी भरणारे यंत्र बनवले, त्याला 'मेबल' असे नाव दिले, आणि मोटरी मोठ्या प्रमाणावर मिळू लागल्या.

नेहमीच्या वापरातली मोटर १८ मिमी व्यासाची व ७० मिमी लांबीची असते. पुठ्ठ्याच्या कवचात खालून वर मातीचे नोझल (वायू बाहेर पडण्याचे अरुंद तोंड), दाबून बसवलेली बंदुकीची दारू, सावकाश जळणारा विलंबाचा थर आणि शेवटी पॅराशूट बाहेर ढकलणारी थोडी सुटी दारू, असा तिचा क्रम असतो. बाहेरच्या अक्षरांतून तिची सगळी कुंडली वाचता येते. 'बी६-४' या खुणेतील 'बी' म्हणजे एकूण आवेग (सरासरी रेटा गुणिले जळण्याचा वेळ) २.५ ते ५ न्यूटन-सेकंद, ६ म्हणजे सरासरी रेटा ६ न्यूटन, आणि ४ म्हणजे इंधन संपल्यावर पॅराशूट सुटेपर्यंतचे सेकंद. अक्षर एक पायरी पुढे गेले की आवेगाची कमाल मर्यादा दुप्पट होते. पाचाला सहाने भागले तर दिसते की इंधन सेकंदभरही जळत नाही. उरलेला सारा चढ मिळालेल्या वेगावर होतो. विलंबाचा थर त्या चढाला वेळ देतो आणि मागे धुराची रेघही सोडतो. ही शेवटची संख्या रॉकेटच्या वजनाशी जुळली नाही, तर पॅराशूट भर वेगात उघडून फाटते किंवा रॉकेट खाली झेपावल्यावर उघडते. म्हणून किटच्या माहितीपत्रकात सुचवलेल्याच मोटरी वापराव्यात, आणि पहिल्या उड्डाणाला त्यांतली सर्वांत कमी ताकदीची.

जुळणीत खरी कसोटी फिनांची. बाल्साचे फिन कापताना लाकडाच्या रेषा पुढच्या कडेला समांतर ठेवाव्या लागतात, नाहीतर ते जमिनीवर आदळताच तुटतात. नळीवर समान अंतरावर रेघा मारून फिन त्यांवर ताठ चिकटवावेत आणि सांध्यावर दोन्ही बाजूंनी गोंदाचा गोलसर थर द्यावा. मोटरची नळी बसवताना मात्र घाई हवी : आत गोंद लावल्यावर ती एका दमात, न थांबता जागेवर सरकवावी लागते, मध्ये क्षणभर थांबले तर कागद गोंद शोषून घेतो आणि नळी अर्ध्यातच अडकते.

रॉकेट स्थिर राहण्यासाठी त्याचा गुरुत्वमध्य (जिथे ते तोलले जाते तो बिंदू) दाबमध्याच्या (जिथे हवेचा दाब एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे, टोकाकडे, निदान नळीच्या एका व्यासाइतका असावा. दाबमध्य काढण्याची सोपी सूत्रे अभियंता जेम्स बॅरोमन यांनी १९६० च्या दशकात मांडली. हिशेब नको असेल तर मोटर भरलेल्या रॉकेटला गुरुत्वमध्यापाशी दोरी बांधून ते डोक्याभोवती फिरवतात. टोक पुढे ठेवून ते फिरले तर चालेल, न फिरल्यास टोकात वजन वाढवावे.

उड्डाणापूर्वी नळीत आगरोधक कागदाचे सैल गोळे भरतात, नाहीतर गरम वायूने पॅराशूटचे प्लास्टिक वितळते. पॅराशूटला टाल्कम पावडर लावून ते सैलसर घडी करून ठेवावे. शंकू स्वतःहून निसटणार नाही, पण हलक्या ओढीने निघेल इतपतच घट्ट असावा. इग्नायटरचे (विजेने तापून दारू पेटवणाऱ्या बारीक तारेचे) टोक नोझलमधून आत जाऊन दारूला टेकलेच पाहिजे. बटण दाबूनही रॉकेट जागचे हलत नाही, तेव्हा बहुधा ते टेकलेले नसते किंवा त्याला वीज पोहोचवणाऱ्या तारांच्या दोन चिमट्या एकमेकींना लागलेल्या असतात.

रॉकेट सुमारे ९० सेंमी लांबीच्या धातूच्या दांड्यावरून सोडतात, कारण पुरेसा वेग येईपर्यंत फिनांचा उपयोग होत नाही. दांडा उभ्या रेषेपासून ३० अंशांहून अधिक कलता कामा नये. लहान मोटरींसाठी माणसांनी किमान ४.५ मी. दूर उभे राहावे. वात पेटवून नव्हे, तर सुरक्षा किल्ली असलेल्या विजेच्या कंट्रोलरनेच, मोठ्याने उलट मोजणी करून रॉकेट सोडावे. ते न उडाल्यास किल्ली काढून पूर्ण ६० सेकंद थांबावे. वारा ताशी ३२ किमी.हून अधिक असेल तर बेत रद्द करावा. वाऱ्यात रॉकेट वारा जिकडून येतो तिकडे तोंड वळवते आणि उंची गमावते. विजेच्या तारांत अडकलेले रॉकेट तसेच सोडून द्यावे. मोटरींची विक्री व उड्डाण यांचे नियम देशोदेशी वेगळे असल्याने ते आधी पाहणे आवश्यक ठरते.

उंची मोजायला कोनमापक पुरतो. उड्डाणस्थळापासून १०० मी.वर उभे राहून शिखरबिंदूचा कोन ४५ अंश आला, तर उंची सुमारे १०० मी.; इतर कोनांसाठी अंतराला त्या कोनाच्या टॅनने गुणावे. रॉकेट वाऱ्याने बाजूला सरकल्यास एकाच जागेवरचा आकडा चुकतो, म्हणून स्पर्धांमध्ये दोन ठिकाणांहून मोजतात.