पोत्यात बदललेला रेणू

१९७६ साली पाकिस्तानात मलेरियाविरोधी फवारणी चालू होती. डीडीटीला डास दाद देईनासे झाले, म्हणून मॅलॅथिऑनची पावडर पाण्यात कालवून घराघरांत मारायला सुरुवात झाली होती. हे औषध माणसाला तुलनेनं कमी घातक, अशी त्याची ख्याती. तरीही ऐन जुलैत फवारणीवाल्यांना मळमळू लागलं, गरगरू लागलं, डोळ्यांपुढं अंधुक दिसू लागलं. सुमारे ७,५०० कामगारांपैकी अंदाजे २,८०० जणांना विषबाधा झाली. निदान ५ जण दगावले.

हातानं कालवणं, भिजलेले कपडे दिवसभर अंगावर राहणं, हे सगळं होतंच. पण काही विशिष्ट बनावटीची पावडर वापरणाऱ्यांनाच त्रास फार जास्त होत होता. त्या पावडरीत आयसोमॅलॅथिऑन जास्त सापडलं. ते कुणी मिसळलं नव्हतं. साठवणीत आपोआप तयार झालं होतं.

‘नदी’ची अक्षरं फिरवली की ‘दीन’ होतं. अक्षरं तीच, अर्थ निराळा. रेणूंच्या अशा जोड्यांना आयसोमर, म्हणजे समघटक म्हणतात. मॅलॅथिऑनच्या मध्यभागी फॉस्फरसचा अणू असतो. त्याला गंधकाचा एक अणू दुहेरी बंधानं जोडलेला असतो आणि शेजारच्या ऑक्सिजनवर मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) असतो. उष्णतेनं हा मिथिल गट ऑक्सिजन सोडून गंधकावर जाऊन बसतो. दुहेरी बंध ऑक्सिजनच्या वाट्याला येतो. हेच आयसोमॅलॅथिऑन. झालं एवढंच. ना काही आत आलं, ना बाहेर गेलं. तराजूला तर यातलं काहीच कळणार नाही. पावडरीत भर म्हणून घातलेली माती निष्क्रिय समजली जाते, पण तिचा पृष्ठभागही या अदलाबदलीला हातभार लावू शकतो.

खरी गंमत (तिला गंमत म्हणवत नाही, पण रसायनशास्त्र म्हणून ती आहेच) पुढं आहे. मॅलॅथिऑन स्वतः फारसं मारक नसतं. शरीरात त्याचं मॅलॅऑक्सॉन होतं आणि ते मज्जासंस्थेतलं एक अत्यावश्यक विकर (एन्झाइम) बंद पाडतं. किड्यात हे झपाट्यानं घडतं. आपल्या यकृतात मात्र कार्बॉक्सिलएस्टरेज नावाचं दुसरं विकर मॅलॅथिऑनला आधीच तोडून निकामी करतं. किड्यांकडे ते बेताचंच. मॅलॅथिऑन माणसाला सौम्य ठरतं ते मुख्यतः या फरकामुळं.

आयसोमॅलॅथिऑन नेमकं या राखणदारालाच जखडतं. ते स्वतः विषारी आहेच, पण त्याच्या थोड्याशा अंशानं सोबतचं सगळं मॅलॅथिऑन माणसासाठी घातक होऊन बसतं. डब्यावर छापलेली मॅलॅथिऑनची टक्केवारी पाहून हे ओळखता येत नाही.

म्हणून आता मॅलॅथिऑनच्या तपासणीत आयसोमॅलॅथिऑन वेगळं मोजतात. साठवणीत औषध कितपत टिकेल हे पाहायला नमुना ५४ अंश सेल्सिअसला १४ दिवस ठेवतात. गोदामातला अख्खा उन्हाळा जणू त्या पंधरवड्यात उरकून घेतात.